थर्मासाने पाहिलेला अर्हत

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. स्टीलचा चकचकीत नव्हे, प्लॅस्टिकचा तर मुळीच नव्हे. माझे अंग बांबूच्या पट्ट्यांनी विणलेले, पोट आरशासारख्या काचेचे आणि तोंडावर एक जाड बूच. बुचावर पत्र्याचे झाकण असते, तेच पेला म्हणूनही चालते. आता माझा बांबू काळपट पडला आहे आणि मूठ तारेने बांधलेली आहे. तरीही सकाळी भरलेले पाणी मी संध्याकाळी चहाची पाने उमलतील इतके कढत परत देतो. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी फुशारकी आहेच, पण या वयात तेवढी चालायची.

माझे पोट शांघायच्या कारखान्यात फुंकले गेले आणि कपडे डोंगराकडच्या एका बुरुडाने विणले. विणताना तो सारखा शिंकत होता, म्हणून माझ्या कमरेवरची एक पट्टी जरा वाकडी बसली आहे. सुझोऊजवळच्या एका कालव्याकाठच्या गावात मी विकायला आलो. फंगश्यान नावाच्या तरुणीने मला उचलले, कानाशी धरून टिचकी मारली, माझ्या रिकाम्या पोटातला आवाज ऐकला आणि म्हणाली, "हा चालेल. तोंड वाकडं आहे, पण पोट चांगलं आहे."

वाकडे माझे तोंड नव्हते, पट्टी होती. पण मी काही बोललो नाही. आम्ही बोलत नसतो.

आमच्याकडे लग्नात मुलीला थर्मासांची जोडी देतात. लाल पत्र्याची, त्यावर मोठमोठी फुले रंगवलेली. फंगश्यानलाही तशी जोडी मिळाली होती. त्या दोघी लाल बायका कपाटावर बसून राहिल्या, पाहुणे आले की त्यांना पुसायचे एवढेच काम. रोजच्या राबणुकीसाठी मी. पहाटे फंगश्यान मला घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गरम पाण्याच्या दुकानात जाई. त्या दुकानातल्या अजस्र चुलीला लोक वाघचूल म्हणत. आधीच विकत घेतलेली बांबूची चकती पैशांऐवजी टाकायची आणि पाणी भरून घ्यायचे. मग ती मला घरी ठेवून रेशमाच्या गिरणीत जाई. तिथे उकळत्या पाण्यातून कोश उचलून धागा काढता काढता तिची बोटे पांढरीफटक होत. तिचा नवरा गनफू विटा-कौलांची बोट चालवी. घरी आला की पहिला पेला माझ्याकडून घेई. आमच्या लोकांचा गरम पाण्यावर फार विश्वास. ताप आला, पोट दुखले, भांडण झाले, कशावरही पहिला उपाय म्हणजे पेलाभर गरम पाणी. त्यामुळे मला घरात मान होता. लाल बायका वरून बघत राहत.

फंगश्यान आणि गनफूला एक मुलगी झाली. तिचे नाव युन. गुटगुटीत, बोलकी, हसरी. पण तीन वर्षांची झाली तरी उभी राहीना. धरून उभी केली की पाय कणकेसारखे वाकत आणि ती मटकन खाली बसे. एका डॉक्टरने सांगितले, थांबा. दुसऱ्याने सांगितले, थांबू नका. घाटाच्या पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायकांना तर रोजचा विषय मिळाला.

"अगं, बोटवाल्याची पोर ती," एक जण म्हणाली, "तिला पाय कशाला हवेत? वल्हं दे हातात."

फंगश्यानही तिथल्या तिथे म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही, तरी चालतेच ना ती!" घाट हसला. पण घरी येऊन तिने मला उचलले, पेल्यात पाणी ओतले आणि ते न पिताच कितीतरी वेळ धरून बसली. पेल्यातले पाणी माझ्या देखत गार झाले. माझ्यासारख्याला ते बघवत नाही.

वसंतात गिरणीला एक दिवस सुट्टी मिळाली. फंगश्यानने ठरवले की सुझोऊला जायचे. तिथल्या एका मंदिरात बुद्धाच्या पाचशे शिष्यांच्या, म्हणजे अर्हतांच्या, मूर्ती आहेत. त्यांतला आपला अर्हत शोधायचा आणि त्याच्याकडे मागणे मागायचे. गनफूने बोटीतल्या विटा उतरवल्या, बोट धुतली, युनला घोंगडीत गुंडाळले आणि मला तिच्याशेजारी ठेवले. मी काठोकाठ भरलेला होतो. आयुष्यात पहिल्यांदा गावाबाहेर निघालो होतो आणि माझे बूच आनंदाने थोडे वर-खाली होत होते.

"आधी बाग," गनफू वल्हे मारता मारता म्हणाला.

"आधी मंदिर," फंगश्यान म्हणाली.

"देवाच्या दारी रडत जाण्याआधी पोरीला मासे तर दाखवू. तोही म्हणेल, ही बाई कामाशिवाय येतच नाही."

म्हणून आधी बाग. मित्रांनो, त्या सकाळसाठी मी गनफूचा आजही ऋणी आहे. चंद्रासारख्या गोल दारातून आम्ही आत गेलो. आत गेले की सगळे एकदम दिसत नाही. वाट वळते, भिंत आडवी येते, भिंतीत जाळीची खिडकी असते आणि खिडकीतून बांबूची दोन पाने तेवढी दिसतात. पुढच्या खिडकीची जाळी वेगळी, तिच्यातून तळ्याचा तुकडा. युन बापाच्या खांद्यावर बसून प्रत्येक खिडकीशी "थांब, थांब" म्हणे. गनफूची मान मोडायची वेळ आली, पण तो प्रत्येक खिडकीशी थांबला. तळ्याकाठी भोकाभोकांचा एक उंच दगड उभा होता. त्याच्या एका भोकात युनने मला घालून पाहिले. मी अडकलो. मला बाहेर काढताना बांबूचा एक टवका उडाला, त्याची खूण अजून आहे.

एका अंगणात रंगीत गोट्यांनी जमिनीवर बगळे काढलेले होते. फंगश्यानने युनला त्यावर अनवाणी उभी केली. तिला वाटले, गोटे टोचले तर पोर पाय उचलेल. पोर मटकन बगळ्यावर बसली आणि कुणीतरी सांडलेल्या कलिंगडाच्या बिया वेचू लागली. फंगश्यान हसली, मग तोंड फिरवून तळ्याकडे पाहत राहिली. गनफूने मुकाट्याने माझे झाकण काढले आणि तिला पाणी दिले. हिरवे छिंगथ्वान, म्हणजे वसंतात करतात ते गोड पुरणाचे चिकट गोळे, पाण्याबरोबर खाऊन आम्ही मंदिराकडे निघालो.

मंदिराचा उंबरठा गुडघाभर उंच. त्याच्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. पुरुषाने डावा पाय आधी टाकायचा, बाईने उजवा. युनला कडेवर घेऊन फंगश्यानने उजवा पाय आत टाकला. अर्हतांच्या दालनात गल्ल्याच गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना बसलेले सोनेरी म्हातारे. कुणी हसतोय, कुणी चिडलाय, कुणी जांभई देतोय. तिथली रीत अशी की दारापासून सुरुवात करायची, आपले वय जितके असेल तितके अर्हत मोजायचे आणि जो येईल तो आपला.

फंगश्यान मोजत मोजत गेली आणि थांबली. मला आणि युनला तिने फरशीवर ठेवले, हात जोडले आणि डोळे मिटून रडू लागली. तिने वर पाहिलेच नाही. माझे झाकण काढून पेलाभर पाणी तिने त्याच्यापुढे ठेवले. दुसरे आणलेच काय होते?

"माझी पोर चालू दे," ती म्हणाली. "स्वतःच्या पायांनी हा उंबरठा ओलांडून ती तुझ्यासमोर येईल. मी आणीन तिला. तुझे आभार मानल्याशिवाय राहणार नाही."

गनफू पलीकडच्या गल्लीत आपला अर्हत मोजत होता. आता मी जे सांगतो ते त्या दिवशी फक्त मी पाहिले. मी फरशीवर होतो, म्हणून मला त्या अर्हताचा चेहरा दिसला नाही, पाय दिसला. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी होता आणि चौथऱ्याखाली लोंबत होता. त्या पायाचा अंगठा वर केलेला होता, थंड पाण्यात पाय घालताना करतो ना, अगदी तसा. युनने तो अंगठा पाहिला आणि ती खुदकन हसली. सरपटत गेली, दोन्ही हातांनी अंगठा घट्ट धरला आणि उभी राहिली. क्षणभरच, पण स्वतःच्या पायांवर! मग मटकन बसली.

फंगश्यानने डोळे उघडले तेव्हा पोर बसलेलीच होती.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी फंगश्यान घाटावर गेली होती. मी नुकताच भरून आणलेला, खोलीच्या मधोमध जमिनीवर उभा होतो. युन सरपटत आली, माझी मूठ धरली आणि उठू लागली. मित्रांनो, माझ्या पोटात उकळते पाणी होते. मी जरा कललो असतो तर काय झाले असते, हे मला आजही मनात आणवत नाही. त्या दिवशी मी जसा घट्ट उभा राहिलो तसा पुन्हा कधी राहिलो नसेन. ती उभी राहिली. मूठ सोडली. दारापर्यंत गेली. फंगश्यान ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली तर समोर पोर दारात उभी! बादली पडली, कपडे पडले, आणि ती तिथेच बसून मोठमोठ्याने अर्हताचे नाव घेऊ लागली. नाव तिला माहीत नव्हतेच, म्हणून ती नुसतेच "देवा, म्हाताऱ्या देवा" म्हणत होती.

माझ्याकडे कुणी पाहिले नाही. ते साहजिकच होते. माझा जीव मात्र तेव्हा भांड्यात पडला. माझ्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे.

पुढच्या वसंतात आम्ही आभार मानायला गेलो. युनने लाल बूट घातले होते. उंबरठ्याशी तिने विचारले, "उजवा कुठला?" फंगश्यानने दाखवला आणि ती तो उचलून, एक हात चौकटीला धरून, आत गेली. फंगश्यान डोळे पुसत मोजू लागली. आणि इथेच घोटाळा झाला. वर्षभरात तिचे वय एकाने वाढले होते. वयाइतके मोजायचे, ही रीत तिच्या अंगवळणी पडलेली. ती मोजत गेली आणि एक जास्त मोजून थांबली, शेजारच्यापुढे! त्याच्या दोन्ही पायांत चपला होत्या. तो आपला कान कोरत होता.

मी जिवाच्या आकांताने आतल्या आत ओरडलो. पाणी ताजे भरलेले होते, वाफ चढली आणि माझे बूच ठक्कन उडाले. ते घरंगळत बरोबर अंगठेवाल्याच्या पायाशी जाऊन थांबले. फंगश्यान गेली, वाकली, बूच उचलले आणि काहीच न ओळखता परत आली.

"याला काय झालंय आज?" म्हणत तिने ते माझ्या तोंडात दाबून बसवले आणि कान कोरणाऱ्याचे मनापासून आभार मानले. त्याला काही कळले नसावे. तो कोरतच होता.

तेव्हापासून दर वसंतात आमची ही सहल ठरलेली. आधी बोटीने, मग बसने, मग गनफूच्या भाच्याच्या गाडीने. आधी बाग, मग मंदिर. आणि दर वर्षी फंगश्यान एक वर्ष मोठी होई आणि एक अर्हत पुढे सरके. जांभईवाल्याचे आभार मानले, वाघ मांडीवर घेतलेल्याचे मानले, भुवया जमिनीपर्यंत लोंबणाऱ्याचेही मानले. पुढे आत सोडायचे दार बदलले आणि ती भलत्याच गल्लीत शिरू लागली. अंगठेवाला दर वर्षी मागे मागे पडत गेला. मी त्याच्याकडे पाहत असे. मला त्याच्याबद्दल एक आपुलकी वाटू लागली होती, कारण नंतर माझीही गत तशीच झाली.

माझी कामाची वर्षे मजेत गेली. एका हिवाळ्यात गारठलेल्या पोटात एकदम उकळते पाणी पडले आणि आतली काच फटाक्यासारखी फुटली. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने नवी बसवली. "बांबू चांगला आहे, फेकू नका," तो म्हणाला, आणि त्या एका वाक्यासाठी मी त्याला विसरलेलो नाही. युन शाळेत गेली, तिचे लग्न झाले, तिने नूडल्सचे दुकान काढले. दिवसभर ती दोन पायांवर उभी असते आणि रात्री पाय दुखतात म्हणून कुरकुरते. ती कुरकूर फंगश्यान किती कौतुकाने ऐकते म्हणून सांगू!

मग घरात विजेची किटली आली. वाघचुली बंद पडल्या. युनने आईला स्टीलचा छोटा थर्मास आणून दिला, तो पर्समध्ये मावे. मी बाल्कनीत गेलो. माझ्या मुठीत पाठ खाजवायची काठी अडकवण्यात आली. लाल जोडीला युनने दुकानात शोभेला ठेवले. गिऱ्हाइके त्यांच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात, असे ऐकतो. आयुष्यभर काही काम न केल्याचा असाही फायदा असतो.

सहलीला आता स्टीलवाला जाऊ लागला होता. म्हणून गेल्या वसंतात मंदिरात काय झाले ते मी पाहिले नाही. फंगश्यानने घरी येऊन सांगितले तेव्हा बाल्कनीचे दार उघडे होते. दालनात कुणी बाई आपल्या नातवाला सांगत होती, "हा तुझा या वर्षीचा अर्हत. पुढच्या वर्षी दुसरा येईल. पण नवस बोललास तर फेडायला त्याच्याकडेच जायचं हं, शेजाऱ्याकडे नाही." फंगश्यान ते ऐकून तशीच घरी आली होती.

"म्हणजे चाळीस वर्षं मी परक्यांचे आभार मानतेय!" ती म्हणाली.

"परके कसे? सगळे एका खोलीत राहतात," गनफू म्हणाला.

"तू चेष्टा करू नकोस, म्हाताऱ्या. त्यानं पोरीला पाय दिले आणि मी त्याच्याकडे फिरकले नाही. आता माझे पाय गेले. बरोबरच आहे."

तिचे गुडघे खरेच गेले होते. गिरणीतल्या ओल्या फरशीवर घालवलेली वर्षे ती. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन करा, दोन्ही गुडघे बदलू, चालू लागाल. ती ऐकेना. आधी नवस फेडायचा, त्याशिवाय गुडघ्याला हात लावू द्यायचा नाही. युनने समजावले, रागावली, रडली. गनफूने हात टेकले. उन्हाळा गेला, हिवाळा गेला, फंगश्यान चाकाच्या खुर्चीत बसली. आणि खरी अडचण ही की, तो अर्हत कोणता ते तिला माहीत नव्हते. तिने वर पाहिलेच कुठे होते?

यंदाच्या वसंतात ती म्हणाली, "जायचं. आणि बाल्कनीतला तो घ्या."

"तो गळका?" युन म्हणाली.

"गळका नाही तो. तो होता तेव्हा तिथे."

"आई, तो काय बोलणार आहे का?"

"तुझ्या त्या स्टीलच्यापेक्षा कमीच बोलेल. तो तर उघडताना किंचाळतो."

युनने मला घासले, पुसले आणि भरले. किती वर्षांनी ती ऊब पोटात पडली! माझ्या बुचाची कड झिजलेली होती आणि ते नीट बसत नव्हते. पण मी भरलेला होतो.

आधी बागच. त्या बागेत खुर्ची ढकलणे म्हणजे दिव्य. वाट सरळ म्हणून जातच नाही, पूलसुद्धा नागमोडी. गोट्यांच्या बगळ्यांवरून जाताना फंगश्यानचे दात वाजू लागले.

"या बागा बांधणाऱ्यांना सरळ चालायची शिसारी होती की काय?" ती म्हणाली.

"सरळ गेलीस तर लवकर संपेल," गनफू धापा टाकत म्हणाला. "हळू बघ. मी थांबतोय ना." आणि त्याने प्रत्येक खिडकीशी खुर्ची थांबवली, पूर्वी खांद्यावरच्या पोरीसाठी थांबायचा तशीच.

मंदिरात खुर्चीसाठी बाजूला फळी टाकलेली होती. गनफू तिकडून वळला. युनला मात्र फंगश्यानने बजावले, "तू उंबरठ्यावरून ये. उजवा पाय."

"आई, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे."

"म्हणूनच सांगतेय. चव्वेचाळीसाव्या वर्षी लोक विसरतात."

आत गेल्यावर शोध सुरू झाला. एका झाडूवाल्या काकांनी जुने दार दाखवले, तेवढे बरे झाले. गनफूला ते पटले नाही. त्याच्या मते दार पलीकडचे होते, कारण बोट त्याने पलीकडे बांधली होती.

"बोट काय दालनात बांधली होतीस?" फंगश्यानने विचारले. तो विषय तिथेच मिटला.

मग वयावरून जुंपली. युनने फोनवर हिशेब केला. "तेव्हा तू सत्तावीसची होतीस."

"अठ्ठावीस."

"आई, साल बघ की. सत्तावीस."

"आणि आईच्या पोटातलं वर्ष कोण मोजणार, तुझा फोन?"

आमच्याकडची जुनी माणसे मूल जन्मले की त्याला एक वर्षाचे धरतात, नवी पिढी तसे धरत नाही. दोघींनी पुन्हा पुन्हा मोजले. शेवटी फंगश्यान दमली. "तुझंच खरं. शिकलेली आहेस," असे म्हणून ती सत्ताविसाव्यासमोर थांबली आणि तिने हात जोडले. तो एक गोल चेहऱ्याचा, पोटावर हात ठेवून झोपलेला अर्हत होता. पण तिने हात पुन्हा खाली घेतले.

"हा नाही वाटत गं," ती हळूच म्हणाली. "नाही सापडायचा तो. राहू दे. माझं हे राहूनच जाणार." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

मी पाहत होतो. एका हातावर, अगदी शेजारीच, तो बसलेला होता. आता त्याच्यापुढे लाकडी कठडा आहे, उभ्या माणसाला पाय दिसत नाहीत. मी चाळीस वर्षे गप्प होतो आणि आताही गप्पच राहणार होतो.

"थांब, पाणी पी आधी," युन म्हणाली. तिने मला फरशीवर ठेवले, गुडघ्यांवर बसून झाकण काढले आणि बुचाला हात घातला. मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी मुद्दाम काही केले नाही. बूच झिजलेले होते आणि आत वाफ होती. ते ठक्कन उडाले, फरशीवर आपटले आणि घरंगळत शेजारच्या कठड्याखाली गेले.

"काय हा थर्मास!" म्हणत युन गुडघ्यांवरच पुढे सरकली. कठड्याच्या फटीतून तिने हात आत घातला, मान वाकवली आणि तशीच राहिली.

"सापडलं का बूच?" गनफूने विचारले.

युनच्या समोर एक अनवाणी पाय होता आणि त्याचा अंगठा वर केलेला होता. तिचा हात बूच सोडून त्याच्याकडे गेला आणि पूर्वीसारखाच त्याच्याभोवती मिटला.

"अहो ताई, मूर्तीला हात लावू नका!" झाडूवाले काका ओरडले.

"आई," युन म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मी याला ओळखते. मी हा अंगठा धरला होता. मी हा धरून उभी राहिले होते, इथेच! मला वाटायचं, ते स्वप्न होतं."

फंगश्यानने खुर्चीचे हात दाबले, कठडा धरला आणि दोन दुखऱ्या गुडघ्यांवर उठून उभी राहिली. पहिल्यांदाच तिने वर पाहिले. अंगठेवाल्याचा चेहरा साधाच होता, गनफूसारखा, थोडा वैतागलेला, थोडा हसरा. युन तिच्याशेजारी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. माझ्या झाकणात पाणी ओतून तिने ते कठड्याच्या आत ठेवले. काका पुन्हा काही म्हणणार होते, पण त्यांनी तोंड फिरवून झाडायला सुरुवात केली.

"आणली बघ," फंगश्यान त्याला म्हणाली. "उशीर झाला. माझं मोजायचं चुकलं. तुझं काही चुकलं नव्हतं. दिवसभर उभी असते आता, दोनशे माणसांना नूडल्स घालते. पाय दुखतात म्हणते. तुझे फार उपकार झाले."

मग गनफू म्हणाला, "इतक्या जणांचे आभार मानलेस तू. एकाच घरात राहतात. कुणीतरी निरोप सांगितलाच असेल की याला."

"तरी तोंडानं सांगायला हवं," फंगश्यान म्हणाली.

युनने डोळे पुसले. "आई, आता तुझ्या गुडघ्यांचंही मागून घे."

"नाही. आज मागायचं नाही. आज नुसते आभार. आणि मागितलं की फेडायला यावं लागतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा शेजाऱ्यापुढे उभी राहीन." ती हुश्श करून खुर्चीत बसली. "गुडघ्यांचं डॉक्टर बघतील. उद्या फोन कर त्यांना."

मग युनने बूच आणि झाकण परत घेतले आणि माझ्यातले पाणी तिघांनी घोटघोट प्यायले. ते अजून कढत होते, हे मुद्दाम नमूद करतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला अधूनमधून हात लावत जा, धूळ पुसत जा. ती मागणार काही नाही, पण तिने तुमचे काय काय पाहिले आहे हे तुम्हाला ठाऊक नसते. आणि ज्याने हात दिला त्याचे आभार त्याच्याच दाराशी जाऊन माना. हे सांगण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटते.

त्या संध्याकाळी युनने मला रिकामे केले आणि सवयीने बाल्कनीकडे निघाली.

"तिकडे कुठे?" फंगश्यान म्हणाली. "इकडे आण."

तिने मला मांडीवर घेतले. पदरात बाळ घ्यावे तसे घेतले म्हणेन, पण मी बाळ नव्हे, आणि तिची मांडी दुखत होती. तिने माझ्या वाकड्या पट्टीवरून बोट फिरवले, मग तारेने बांधलेल्या मुठीवरून. तीच मूठ, जी त्या दुपारी एका छोट्या हाताने धरली होती. तिला ते माहीत नव्हते. कधीच कळणार नाही.

"काय गं, याचे आभार कधी मानलेत आपण?" ती युनला म्हणाली.

"कुणाचे? थर्मासाचे?" गनफू हसला.

"मग इतकी वर्षं पाणी काय तू देत होतास?" आणि पाहुण्याला म्हणतात तसे मान वाकवून ती मला म्हणाली, "फार उपकार झाले हो."

मी रिकामा होतो, पण आत कुठेतरी ऊब वाटली. निरोप पोचला.